जहाज नसलेली गोदी: हेल्सिंगोरचं सागरी संग्रहालय

डेन्मार्कला येणारी आपली माणसं हेल्सिंगोरला जातात ती क्रोनबोर्ग किल्ला बघायला. स्टेशनवरून किल्ल्याकडे चालत जाताना वाटेत जमिनीत एक लांबलचक खड्डा लागतो. बरेच जण कठड्यावरून डोकावतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. तो खड्डा म्हणजे ड्राय डॉक आहे, जहाज आत घेऊन पाणी उपसायचं आणि कोरड्यात काम करायचं अशी गोदी, आणि त्याच्या भिंतींमागे, जमिनीच्या पोटात, डेन्मार्कचं सागरी संग्रहालय आहे. त्याचं नाव एम/एस म्युझेट फॉर सोफार्ट.

माझी नोकरी मुंबईच्या गोदीत झाली. हल विभागात, म्हणजे जहाजाच्या सांगाड्या-पत्र्याच्या कामात, शिकाऊ म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. मुलगी-जावई कोपनहेगनला असतात, म्हणून इकडे येणं झालं. नात ओवी, बारा वर्षांची, सोबत होती. गोदीतल्या माणसाच्या नजरेने सांगतो: समुद्राचा व्यवहार समजून घ्यायचा असेल, मुलांना समजावून द्यायचा असेल, तर यापेक्षा चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही. मत्स्यालयात मासे कळतात. माणसाचं पोटपाणी समुद्राशी कसं बांधलं गेलंय, ते इथे कळतं.

आधी गोदीबद्दल, कारण इथली सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे. साधारण 150 मीटर लांब, 25 मीटर रुंद आणि 8 मीटर खोल. 1882 साली सुरू झालेल्या हेल्सिंगोरच्या जहाज कारखान्याची ही गोदी. या कारखान्याने चारशेहून जास्त जहाजं बांधली आणि 1983 साली तो बंद पडला. पुढे संग्रहालयाला जागा हवी होती, पण शेजारी क्रोनबोर्ग, 2000 सालापासून जागतिक वारसा यादीत. किल्ल्याचं दर्शन अडेल असं काही वर बांधायला परवानगी नव्हती. म्हणजे जे करायचं ते जमिनीखाली. स्पर्धा लागली तेव्हा अपेक्षा अशी होती की संग्रहालय गोदीच्या आत बसवावं. ब्यार्के इंगेल्स या डॅनिश वास्तुरचनाकाराच्या कंपनीने उलटा विचार केला. गोदी पूर्ण मोकळी ठेवायची आणि दालनं तिच्या भिंतींच्या बाहेरच्या अंगाला, सभोवती, मातीत बांधायची. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये संग्रहालय उघडलं.

हा निर्णय किती बरोबर होता ते गोदीत काम केलेल्या माणसाला आत पाऊल ठेवताक्षणी कळतं. ड्राय डॉक रिकामी असतानाच तिची खरी उंची-खोली जाणवते. आत जहाज उभं असलं की डोळ्यांना फक्त जहाज दिसतं. गोदीत छत-मजले घालून खोल्या केल्या असत्या तर ती एक तळघर झाली असती. आता तुम्ही तिच्यात उभे राहून वर बघता, तेव्हा डोक्यावर आभाळ असतं आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या जुन्या, डागाळलेल्या भिंती. त्या रंगवून गुळगुळीत केलेल्या नाहीत. गंजाचे ओघळ, घासलेल्या खुणा, सगळं तसंच राखलंय. भिंतीवरच्या अशा खुणा मी कामावर असताना रोज बघत होतो, पण त्या कुणी जपून ठेवाव्यात असं मला त्या दिवसांत कधी वाटलं नव्हतं.

ओवीने विचारलं, "आबा, जहाज यात यायचं कसं?" तिथेच उभं राहून सांगितलं. आधी गोदीत समुद्राचं पाणी घ्यायचं. जहाज तरंगत आत आणायचं. तोंडाशी दरवाजा लावायचा, त्याला आम्ही कायसन म्हणतो. मग पंप सुरू. पाणी उतरायला लागलं की जहाजही उतरतं, आणि तळाशी आधीच मापात मांडून ठेवलेल्या ठोकळ्यांवर बसतं. हे ठोकळे कुठे ठेवायचे याचा त्या जहाजाचा स्वतःचा नकाशा असतो. पोटाखाली सोनारचा, म्हणजे आवाजाने पाण्यातला ठाव घेणाऱ्या यंत्राचा, घुमट कुठे, पाणी आत घ्यायची भोकं कुठे, मजबूत आडवे भाग कुठे, ते बघून. जहाज मागच्या बाजूने जरासं जास्त बुडालेलं असतं, म्हणून मागचं टोक ठोकळ्याला आधी टेकतं. पुढचा भाग अजून तरंगतोय, मागचा टेकलाय, ती वेळ सगळ्यात नाजूक. ठोकळा खालून रेटतो आणि जहाजाचा तोल तेवढ्याने कमी होतो. त्या काही मिनिटांत गोदीत कुणी मोठ्याने बोलत नाही. पाणबुडे खाली जाऊन ठोकळे बघून येतात, डॉक मास्टर हात करतो, आणि मगच पंप पुढे चालतात.

दुसरी गोष्ट तिला भिंतीला हात लावून सांगितली. या भिंतीच्या पलीकडे मातीत पाणी आहे, कारण समुद्र हाकेच्या अंतरावर. आत हवा, बाहेर पाणी. म्हणजे ही अख्खी गोदी काँक्रीटचं एक जहाजच झालं, आणि जहाजासारखंच तिलाही पाणी वर उचलायला बघतं. 8 मीटर पाण्याचा दाब म्हणजे दर चौरस मीटरला 8 टन. भोवतालचं पाणी काठापर्यंत आलं असं धरून या गोदीच्या तळाचा हिशोब ओवीने मोबाइलवर केला: 150 गुणिले 25 गुणिले 8, म्हणजे 30,000 टन. एवढ्या जोराने जमीन तिला वर ढकलू शकते. म्हणून तळाला खोलवर लोखंडी नांगर ठोकून ती खाली धरून ठेवलीय. सहावी-सातवीत आर्किमिडीज शिकवतात तो बादली आणि दगड घेऊन. मला वाटतं तो धडा एकदा अशा गोदीच्या तळाशी उभं करून शिकवावा.

गोदी ओलांडायला तीन पूल आहेत. एक बंदराच्या कडेने जातो, दुसरा सभागृहाचा, आणि तिसरा नागमोडी, उताराचा, जो तुम्हाला वरून खाली दारापर्यंत नेतो. हे पूल पोलादाचे आहेत. चीनमध्ये भाग तयार करून जहाजाने इथे आणले, एकेका भागाचं वजन 100 टनांपर्यंत, आणि इथे जागेवर जोडले. जहाज आम्ही असंच बांधतो. ब्लॉक वेगळे बनवायचे, क्रेनने आणायचे, जागेवर वेल्ड करायचे. पुलाखाली गेलात तर वर मान करून सांधे जरूर बघा. आतली जमीनसुद्धा बहुतेक ठिकाणी उताराची आहे, चालता चालता नकळत खाली खाली जात राहता. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी घाई करू नये. आमच्या सौ. टप्प्याटप्प्याने आल्या, काही अडलं नाही.

आतल्या दालनांत काचेच्या कपाटांच्या रांगा लावून जहाजांची मॉडेलं मांडलीत असं नाही. मॉडेलं आहेत, आणि काही इतक्या बारकाईने केलेली आहेत की मी तिथून हलेना, पण प्रत्येक दालन एका प्रश्नाभोवती उभं केलंय. खलाशाचं आयुष्य, दर्यावर दिशा शोधणं, युद्धाच्या काळातली व्यापारी जहाजं, जगभरची बंदरं. खलाशाच्या दालनात माझं मन कोकणात गेलं. रत्नागिरीकडच्या किती घरांतले पुरुष बोटीवर असायचे, इंजिनाच्या भट्टीपाशी कोळसा ओढायचे, आणि घरची माणसं पत्राची वाट बघायची. डॅनिश खलाशाच्या बायकोची वाट बघणं आणि आपल्या खारेपाटणच्या बाईची वाट बघणं यात काय फरक असणार?

ज्या दालनासाठी आपल्या लोकांनी वेळ राखून ठेवावा ते अठराव्या शतकातल्या पूर्वेकडच्या व्यापाराचं. 1732 साली स्थापन झालेल्या डॅनिश एशियाटिक कंपनीची जहाजं चीनमधल्या कँटन बंदरातून चहा आणि चिनी मातीची भांडी आणायची. छोटा देश, एवढा चहा पिणार कोण? बराचसा चहा पुढे चोरवाटांनी इंग्लंडात जायचा, कारण तिथे चहावरचा कर जबर होता. 1784 साली इंग्रजांनी तो कर एकदम उतरवला आणि हा धंदा बसला. कर कुठे किती आहे यावर जहाजांचे मार्ग ठरतात, हे तेव्हाही खरं होतं.

आणि याच व्यापाराच्या नकाशावर तमिळनाडूतलं तरंगमबाडी आहे, डॅनिश लोकांचं त्रांकेबार. 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून त्यांनी ते घेतलं आणि 1845 साली इंग्रजांना विकलं. मधल्या काळात तंजावरला मराठ्यांचं राज्य आलं, आणि त्रांकेबारचे डॅनिश दर वर्षी खंडणी भरायचे ती आपल्या भोसल्यांना. याच डॅनिश वसाहतीतल्या मिशनमध्ये 1750 साली आलेला श्वार्ट्झ नावाचा पाद्री पुढे बाल सरफोजीचा पालक झाला. दुसरे सरफोजी राजे एवढे विद्याव्यासंगी निघाले, सरस्वती महाल ग्रंथालय त्यांनी एवढं वाढवलं, त्याच्या मागे या शिक्षणाचा हात आहे. हे ओवीला सांगितलं तेव्हा ती थांबली. तिच्या शाळेतल्या डॅनिश मैत्रिणींचे पूर्वज आणि तिची मायबोली बोलणारे राजे यांचा असा संबंध होता, हे तिला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.

चहाबरोबर साखर येते आणि साखरेबरोबर गुलामांचा व्यापार. डॅनिश जहाजांनी एक लाखाहून अधिक आफ्रिकी माणसं अटलांटिकपलीकडे नेली. हा व्यापार बंद करायचा कायदा 1792 साली झाला, अमलात आला 1803 साली. मधल्या अकरा वर्षांत मळेवाल्यांना जास्तीत जास्त माणसं नेऊन ठेवायला मुभा होती. सोबत मूल असेल तर हा भाग टाळून पुढे जाऊ नका. जहाज बांधण्याची कला किती सुंदर, आणि त्याच जहाजाच्या पोटात काय भरलं जाऊ शकतं, हे दोन्ही त्याला एकाच दिवशी कळलेलं बरं.

कंटेनरच्या दालनाचं नाव साधारण 'तुमच्या खरेदीच्या टोपलीतलं जग' असं आहे. हा विषय मला फार जवळचा. 1956 साली अमेरिकेत न्यूआर्कहून ह्यूस्टनला 58 पेट्या, म्हणजे कंटेनर, घेऊन आयडियल एक्स ही बोट निघाली तेव्हापासून बंदरांचं रूपच पालटलं. आमच्या मुंबईत इंदिरा डॉकवर पाठीवरून गोणी वाहणारे माथाडी होते, क्रेनच्या हुकाला जाळी लावणारे होते. पेट्या आल्या आणि ते काम खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला गेलं. तिथलं एक टर्मिनल आज मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडे आहे. म्हणजे डोंबिवलीतल्या दुकानात आलेला मिक्सर कदाचित याच गावापासून तासाभरावर असलेल्या कचेरीच्या हिशोबात नोंदलेला असेल. 2006 साली ओडेन्सजवळच्या लिंडो कारखान्यात 397 मीटरची एमा मर्स्क तयार झाली, तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी कंटेनर बोट होती. सहा वर्षांत तोच कारखाना बंद झाला, कारण पुढची मोठी जहाजं कोरियात स्वस्त पडू लागली. जहाज बांधणाऱ्यांच्या वाट्याला हे सगळीकडे येतं. हेल्सिंगोर, लिंडो, स्कॉटलंडचं क्लाइड.

लिंडोची गोष्ट मात्र तिथे संपली नाही. त्याच धक्क्यांवर, त्याच अवजड क्रेनच्या जोरावर आता समुद्रातल्या पवनचक्क्यांची कामं होतात. जाड पत्रा वाकवणं, वेल्ड करणं, शंभर टनांचा तुकडा उचलून मिलिमीटरच्या हिशोबात बसवणं, ही विद्या तीच आहे. समुद्री ऊर्जेबद्दल शिकायचं असेल तर संग्रहालयातून बाहेर पडून खाडीकडे बघावं लागेल, आणि ते इथे फार सोपं आहे. जगातली पहिली समुद्री पवनऊर्जा वसाहत डेन्मार्कचीच. विंडेबीला, 1991 साली, 11 चक्क्या, सगळ्या मिळून जेमतेम 5 मेगावॅट. 2017 साली आयुष्य संपल्यावर त्या उतरवल्या. कोपनहेगनच्या किनाऱ्यावरून जी रांग दिसते ती 2000 सालची मिडेलग्रुंडेन, 20 चक्क्या, 40 मेगावॅट. तिची अर्धी मालकी सहकारी संस्थेची आहे, साडेआठ हजार सभासदांची. आपल्याकडे ऊस उत्पादकांनी शेअर घेऊन साखर कारखाने उभे केले, तसे इथल्या लोकांनी शेअर घेऊन वारा धरला. जावयाने हे सांगितल्यावर त्या चक्क्यांकडे बघायची माझी नजरच बदलली.

हेल्सिंगोरच्या धक्क्यावरून समोर स्वीडन दिसतं, जेमतेम 4 किलोमीटर. पलीकडच्या हेल्सिंगबोर्गला फेरी जाते, वीस मिनिटांत. तिको ब्राहे आणि ऑरोरा या दोन फेरीबोटी डिझेलवरून बॅटरीवर आणल्यात, तेव्हा प्रत्येकीत 4,160 किलोवॅट-तासांच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या. बोट धक्क्याला लागली की किनाऱ्यावरच्या मनोऱ्यातला यांत्रिक हात पुढे येतो, प्लग पकडतो, आणि गाड्या चढेउतरेपर्यंत काही मिनिटांत चार्जिंग होतं. मी तो हात पुढे येताना बघत धक्क्यावर उभा होतो. जुनं जहाज भंगारात न टाकता त्याचं हृदय बदललं, हे मला नव्या जहाजापेक्षा मोठं काम वाटतं. चालत्या जहाजात नवी केबल ओढणं म्हणजे काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक.

जहाजाच्या इंजिनाची आवड असणाऱ्यांनी कोपनहेगनमधलं डिझेलहाउस हे डिझेल इंजिनांचं संग्रहालयही सोडू नये. 1912 साली बुरमाइस्टर अँड वेन कंपनीने सेलांडिया नावाचं जहाज बाहेर काढलं, दूर समुद्रावर जाणारं पहिलं मोठं डिझेल जहाज. त्याला धुराडंच नव्हतं. बॉयलर नाही, कोळसा नाही, भट्टीवर राबणारे आगवाले नाहीत. आम्ही शिकाऊ असताना बी अँड डब्ल्यू ही अक्षरं इंजिनावर वाचायचो. डिझेलहाउसमध्ये त्याच कंपनीचं 1932 सालचं 22,500 अश्वशक्तीचं इंजिन आहे, ते ठरावीक रविवारी चालवून दाखवतात.

एक गोष्ट मनात राहून गेली ती लिहितो. मुंबईची पहिली ड्राय डॉक 1750 सालची, लवजी नसरवानजी वाडियांच्या काळातली, म्हणजे हेल्सिंगोरच्या या गोदीपेक्षा दोनशे वर्षं जुनी. ती नौदलाच्या गोदीवाड्यात आहे, आजही कामात आहे, म्हणून तिथे सर्वसामान्यांना जाता येत नाही, ते बरोबरच आहे. मुंबईत वाडियांनी सागवानात बांधलेलं, 1817 साली पाण्यात सोडलेलं ट्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय आणि तिथली शाळकरी मुलं त्यावर चढतात. मुंबई बंदराच्या जुन्या गोद्यांपैकी एखादी जेव्हा कधी निकामी ठरेल, तेव्हा ती बुजवून वर इमारती उभारण्याआधी कुणीतरी हेल्सिंगोरला जाऊन यावं. माझगाव, शिवडी, लालबागची पोरं आपल्या आजोबांनी कुठे काम केलं ते बघायला चालत येतील.

आता जाणाऱ्यांसाठी. कोपनहेगनहून लोकल गाडीने पाऊण तास, समुद्राच्या कडेने. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. कोपनहेगन कार्ड असेल तर संग्रहालय आणि किल्ला दोन्ही त्यात येतात. आधी संग्रहालय करा, मग किल्ला. क्रम महत्त्वाचा आहे, कारण किल्ल्याच्या तोफा कशासाठी होत्या ते संग्रहालयानंतर नीट उलगडतं. 1429 पासून 1857 पर्यंत या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांना हेल्सिंगोरला थांबून जकात भरावी लागायची. पुढे जकात मालाच्या किमतीवर ठरू लागली आणि किंमत सांगायची मुभा कप्तानालाच दिली. अट एकच: सांगितलेल्या किमतीला सगळा माल विकत घ्यायचा हक्क राजाचा. कमी सांगाल तर माल जाईल, जास्त सांगाल तर जकात जाईल. ओवीने किल्ल्याच्या तटावर तोफेपाशी बसून या नियमात पळवाट शोधायचा बराच प्रयत्न केला, तिला सापडली नाही.

जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये आता खाण्याचे स्टॉल आहेत, तिथे जेवा. शेजारच्या कुल्टुरव्हेर्फ्ट या सांस्कृतिक केंद्रात जहाज कारखान्याचं छोटं संग्रहालय आहे, त्यात कामगारांची हत्यारं आणि फोटो आहेत. गोदीत राबलेल्या माणसांची ओळख तिथे होते, म्हणून तेही चुकवू नका. वारा बोचरा असतो, उन्हाळ्यातही जाकीट सोबत ठेवा.